आजारी मुलांच्या शिबिरात सोबती म्हणून जाताना

मे महिन्यात दापोली-गुहागरच्या पट्ट्यात एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीत मुलांचे शिबिर भरलेले असले, तर दुरून पाहणाऱ्याला त्यात काही वेगळे जाणवत नाही. पुळणीवर किल्ले बांधणे चाललेले असते, पडवीत कोणीतरी आंब्याच्या कोयी धुऊन त्यांवर चेहरे रंगवत असते, आणि पंगतीत तळलेली तुकडी कोणाला आधी मिळाली यावरून गलका असतो. फरक असतो तो आत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला काय चालत नाही ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, माजघराशेजारच्या खोलीत डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास असतात, आणि दर दोन-तीन मुलांमागे एक मोठे माणूस असते, ज्याला आम्ही ‘सोबती’ म्हणतो आणि मुले ‘दादा’ किंवा ‘ताई’ म्हणतात. हा लेख त्या सोबत्याच्या कामाविषयी आहे. मी ते काही उन्हाळे केले आहे, आणि पहिल्या उन्हाळ्यात त्यातले बरेचसे चुकीचे केले आहे.

अशा शिबिरांची कल्पना जुनी आहे. मधुमेही मुलांची शिबिरे अमेरिकेत १९२० च्या दशकात, म्हणजे इन्सुलिन उपलब्ध झाल्यानंतर थोड्याच वर्षांत भरू लागली होती. अभिनेता पॉल न्यूमन याने १९८८ मध्ये कनेक्टिकट राज्यातील ॲशफर्ड येथे गंभीर आजार असलेल्या मुलांसाठी शिबिर उभे केले आणि त्या धर्तीवर पुढे अनेक देशांत शिबिरे निघाली. उपचारांची सगळी सोय हाताशी ठेवायची, पण मुलांच्या डोळ्यांपुढे येऊ द्यायचा तो खेळ, ही त्यामागची रीत आपल्याकडेही तशीच चालते.

या मुलांना घरी, शाळेत आणि रुग्णालयात ‘नको’ हा शब्द इतक्या वेळा ऐकावा लागतो, की काही जण विचारणेच सोडून देतात. धावू नको, भिजू नको, ते खाऊ नको, त्यांच्यात जाऊ नको. यांतले काही ‘नको’ खरोखर जीव वाचवणारे असतात. पण बरेचसे केवळ मोठ्यांना नेमके माहीत नसते म्हणून सांगितलेले असतात, कारण नक्की ठाऊक नसले की माणूस सगळ्यालाच नाही म्हणून मोकळा होतो. सोबत्याने मुलाच्या आजाराची माहिती करून घ्यायची ती उपचार करण्यासाठी नव्हे, तो त्याचा अधिकारच नाही. कुठे खरोखर थांबवायचे हे कळून बाकी सगळीकडे निर्धास्तपणे ‘चल’ म्हणता यावे, यासाठी ती करून घ्यायची.

जायचे ठरवण्यापूर्वी

शिबिर बहुधा पाच ते सात दिवसांचे असते आणि त्यातून मध्येच उठून येता येत नाही. दिवसभर दमट उन्हात वावरणे, जमिनीवर बसणे-उठणे आणि रात्री दोन-तीन वेळा जागे होणे आपल्याला झेपेल का, याचा विचार अर्ज भरण्यापूर्वीच करावा. वैद्यकीय शिक्षणाची गरज नसते. पुण्य पदरी पडावे म्हणून येणारी माणसे तिसऱ्या दिवशी थकतात आणि गाण्याच्या भेंड्या, पत्ते, लगोरी यांची मुळातच हौस असलेली टिकतात, असे मी पाहिले आहे. स्वतः लहानपणी असा आजार काढलेले तरुण तर उत्तम सोबती होतात, कारण मुलांना त्यांना फारसे समजावून सांगावे लागत नाही. मात्र घरातले मूल किंवा भावंड नुकतेच गमावलेल्याने त्याच वर्षी येऊ नये. येण्याची ओढ खरी असते, पण शिबिरातल्या मुलाच्या जागी तो आपले मूल पाहू लागतो, आणि ते ओझे त्या मुलावर पडते.

कागदपत्रांत ओळखीच्या दोन व्यक्तींची शिफारस, पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला आणि लसीकरणाची नोंद मागितली जाते. पोलिसांच्या प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यांत आधी करावा. यांपैकी काहीही न विचारता एखादे शिबिर फोनवरच ‘या’ म्हणत असेल, तर तिथे जाऊ नये, आणि आपल्या ओळखीच्या कोणाचे मूलही पाठवू नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला लागू आहे, आणि असा अपराध घडल्याचे किंवा घडू शकेल असे कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि घडलेला अपराध न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हाच आहे. शिबिराचा रोजचा नियम त्यामुळे सोपा आणि कडक असतो: मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद दाराआड एकटे राहायचे नाही, आणि कपडे बदलण्यास किंवा अंघोळीस मदत लागली तर दुसरे मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असले पाहिजे. मुलाने काही सांगितले, तर ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक पाठ असावा.

आपल्या तब्येतीविषयी लपवाछपवी करू नये. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला कांजिण्या जिवावर बेतू शकतात, आणि कांजिण्यांचा संसर्ग झालेले माणूस पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून तो इतरांना देऊ शकते. कांजिण्या न झालेल्या आणि लस न घेतलेल्या माणसाच्या घरात किंवा शेजारी मागच्या तीन आठवड्यांत कोणाला त्या आल्या असतील, तर त्याने आयोजकांना तसे सांगावे आणि त्यांनी येऊ नका म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये. निघण्याच्या आदल्या दिवशी घसा खवखवू लागला तरी हाच न्याय. ‘साधी सर्दीच आहे’ हे वाक्य आपल्या घरी ठीक आहे.

मुलाची फाइल

शिबिराआधी एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण असते आणि त्यात आपल्याकडे येणाऱ्या मुलांची फाइल वाचायला मिळते. ती वाचताना आजाराच्या नावाखाली एक ओळ असते, तिच्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात: मुलाला आपल्या आजाराविषयी काय सांगितलेले आहे. आपल्याकडे पुष्कळ आईवडील मुलाला कर्करोग हा शब्द सांगत नाहीत. ‘रक्तात गाठी झाल्या होत्या’ किंवा ‘काउंट कमी होतात’ एवढेच ते ऐकून असते. ते बरोबर की चूक हा वाद आपण शिबिरात सोडवायचा नाही, पण तो शब्द आपल्या तोंडून पहिल्यांदा निघता कामा नये. एचआयव्हीच्या बाबतीत तर दुसऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्यानेच मनाई आहे. म्हणून एका मुलाच्या गोळ्यांची वेळ झाली असता दुसऱ्याने ‘त्याला कसल्या गोळ्या?’ असे विचारले, तर ‘त्याच्या त्याला, तुझ्या तुला’ एवढे उत्तर पुरते आणि मुलांना ते पटतेही.

आता आजारांविषयी, सोबत्याला लागते तेवढेच.

केमोथेरपी चालू असलेल्या किंवा नुकतीच संपलेल्या मुलाच्या बाबतीत लक्षात ठेवायचा आकडा १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजेच ३८ अंश सेल्सिअस. ताप तिथे पोहोचला की तो ‘उन्हाचा ताप’ नसतो. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्गाची ताप ही अनेकदा एकच खूण दिसते, आणि शिरेतून द्यायचे प्रतिजैविक सुरू होण्यात गेलेला प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. अशा वेळी पॅरासिटामॉलची गोळी आपल्या मनाने देऊ नये, कारण तिने ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग मागे चालूच राहतो. मूल निस्तेज वाटले, कुडकुडले किंवा खेळ सोडून एकटे जाऊन बसले, तर थर्मामीटर शोधत न बसता परिचारिकेला हाक मारावी. प्लीहा काढलेल्या मुलांना आणि थॅलेसेमियात, म्हणजे रक्त नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजारात, शरीरातले जादा लोह काढणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनाही तापाचा हाच नियम लागू असतो.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, म्हणून शिबिराला येण्यापूर्वी रक्त घेऊन येण्यास पालकांना सांगितलेले असते. चढवल्यानंतरचे दिवस त्याच्या अंगात सगळ्यांत जास्त ताकद असते. आठवड्याच्या अखेरीस ते दमू लागले तर त्यात कंटाळा किंवा आळस शोधू नये. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या, मुलाला सांध्यात रक्तस्राव सुरू होत असल्याची जाणीव आपल्याआधी होते. बाहेरून सूज नाही, लाली नाही, तरी ते ‘गुडघ्यात मुंग्या येताहेत’ म्हणाले की विश्वास ठेवावा, खेळ थांबवावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा आणि फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारे औषध, देण्यासाठी डॉक्टरांकडे न्यावे. डोक्याला मार लागला, तर मूल हसत असले तरी ती तातडीचीच बाब असते. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन या मुलांना चालत नाही, आणि आयबुप्रोफेन आपल्या स्वतःच्या पिशवीतल्या डोकेदुखीच्या गोळीतही असू शकते. म्हणून ती पिशवी कुलपात ठेवावी.

सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार असलेली, मुले पालघर, नंदुरबार, गडचिरोली अशा भागांतून येतात. त्यांचे दुखणे उफाळते ते पाणी कमी पडल्याने, अति दमल्याने आणि अंग एकदम गार पडल्याने. मे महिन्यातला समुद्र कोमट असतो, पण ओल्या अंगावर संध्याकाळचा वारा लागला की तेच होते. म्हणून टॉवेल वाडीत न ठेवता काठावर, आपल्या खांद्यावर असावा. मधुमेही मुलाची साखर ७० च्या खाली गेली, तर मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम, लहानाला त्याहून कमी ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मात्र मूल शुद्धीत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. घाम, थरथर आणि विनाकारण चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे. चिडलेल्या मधुमेही मुलाला शिस्त लावण्यापूर्वी बोटाला सुई टोचून पाहावी, एवढे तरी प्रत्येक सोबत्याने लक्षात ठेवावे.

शहाळे, आंबे आणि पंगत

कोकणात पाहुण्याला शहाळे देणे हा शिष्टाचार आहे, आणि शिबिरातला माझा पहिला मोठा घोटाळा त्यावरूनच झाला. वाडीच्या मालकांनी प्रेमाने पंचवीस शहाळी उतरवली, गड्याने कोयत्याने भराभर तोंडे उडवली, आणि मी एकेक मुलाच्या हाती देत सुटले. तेरा वर्षांचा एक मुलगा ते दोन्ही हातांत धरून नुसता उभा होता. ‘पी ना रे,’ मी म्हटले. तो म्हणाला, ‘ताई, मी डायलिसिसवाला आहे.’ शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, एका पेल्यात सुमारे ५०० मिलिग्रॅम. निकामी मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही आणि साचलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. हे मला प्रशिक्षणात सांगितलेले होते. त्याला मात्र ते पाठ होते, आणि माझी चूक झाकण्यासाठी तो शहाळे धरून उभा राहिला होता, ही गोष्ट मला अजून टोचते.

पुढच्या वर्षीपासून आम्ही रीत बदलली. मूत्रपिंडाच्या मुलाला त्या वेळी बाजूला बसवायचे नाही आणि ‘तुला नको’ असेही म्हणायचे नाही. त्याच्या दिवसभराच्या पाण्याच्या मापातून आधीच थोडे वेगळे काढून लिंबाच्या थेंबाचा बर्फ करून ठेवायचा आणि सगळे शहाळे पितात त्याच वेळी त्याला तो चघळायला द्यायचा. बर्फ पाण्यापेक्षा तोंडात जास्त वेळ टिकतो, म्हणून तहानही भागते आणि मापही सांभाळले जाते. आंब्यातही पोटॅशियम असते. किती फोडी चालतील ते आहारतज्ज्ञ ठरवून देतात, आणि ‘अजिबात नाही’ व ‘दोन फोडी’ यांत मुलाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो. करमर, ज्याला बाजारात स्टारफ्रूट म्हणतात, तो मात्र या मुलांना एक फोडही चालत नाही, कारण त्यातील विष निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते आणि आजारी मूत्रपिंड टाकू शकत नसल्याने ते मेंदूवर जाते. वाडीत त्याचे झाड असेल, तर पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

मधुमेही मुलाला आंबा वर्ज्य नसतो. किती खाल्ला ते मोजून इन्सुलिन ठरते, म्हणून त्याला आमरस वाटीने द्यावा, पातेल्यातून वाढत राहू नये. संध्याकाळी समुद्रात भरपूर खेळलेल्या मुलाची साखर त्या वेळीच नव्हे, तर रात्री उशिराही उतरू शकते, हे रात्रीच्या सोबत्याला सांगून ठेवावे. केमोथेरपीच्या मुलांसाठी आंबा धुऊन, साल काढून ताजा कापावा. बाहेरून आणलेली चिरलेली फळे, न उकळलेले पाणी आणि कालवे, तिसऱ्या अशा शिंपल्या अर्धवट शिजलेल्या देऊ नयेत. स्वयंपाकाच्या मावशींशी पहिल्या दिवसापासून गट्टी जमवावी. भिंतीवरची यादी कितीही मोठ्या अक्षरांत असली, तरी ‘पोरगं हडकलंय हो, घालू दे चार घास’ या मायेपुढे ती टिकत नाही, आणि त्यांना का ते समजावून सांगितले तर मात्र त्यांच्याइतकी कडक पहारेकरी दुसरी कोणी नाही.

समुद्र

अनेक मुले समुद्र पहिल्यांदाच पाहत असतात. त्यांना किनाऱ्यावर नुसते बसवून ठेवणे हा दुष्टपणा होईल, आणि मोकळे सोडणे हा मूर्खपणा. भरती-ओहोटीच्या वेळांचा छापील तक्ता आयोजकांकडे असतो, तरी वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते हे आपल्या डोक्यात असावे. तिथीच्या पाऊणपट ही भरतीची जुन्या लोकांची ढोबळ रीत आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास समुद्र भरतो. गावातल्या खलाशाला विचारल्याशिवाय नवी जागा निवडू नये, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याकडे फिरकू नये, आणि एरवीही प्रशिक्षित जीवरक्षक हजर असल्याशिवाय आणि गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नये. डोकी मोजायची ती मनात नव्हे, मोठ्याने.

कोणाला पाण्यात किती जाता येईल हे डॉक्टर मुलागणिक सांगतात. छातीच्या कातडीखाली बसवलेला पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडण्याची छोटी डबी, त्यात सुई नसेल आणि जखम भरलेली असेल, तर बहुधा अडचण ठरत नाही. पण ज्या मुलाच्या अंगातून नळी बाहेर आलेली आहे, त्याची नळी समुद्राच्या पाण्यात भिजता कामा नये. डायलिसिससाठी हातावर फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी यांची जोडणी, केलेला असेल, तर त्या हाताला धरून मुलाला ओढू नये. काही औषधांनी कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून टोपी आणि लांब बाह्या हव्यात, आणि साडेदहा ते साडेचार या वेळात पुळणीवर कोणी जायचेच नाही. भर दुपारी अंगणातले चिरेसुद्धा अनवाणी पायाला सोसत नाहीत. केमोथेरपीच्या औषधाने तळपायाची संवेदना कमी झालेल्या मुलाला तर भाजलेले कळतही नाही.

चाकाची खुर्ची कोरड्या वाळूत रुतते आणि नवखा सोबती तिथेच हार मानतो. उपाय दोन आहेत. ओहोटीच्या वेळी मागे राहिलेली ओली वाळू घट्ट असते, तिच्यावर खुर्ची सायकलसारखी पळते. आणि तिथवर पोहोचायला मधल्या कोरड्या पट्ट्यावर फळ्या टाकाव्यात. म्हणजे खुर्चीच्या मुलांची पुळणीवरची वेळ ओहोटी पाहून ठरवायची, चहा पाहून नव्हे.

पाय कापावा लागलेला एक मुलगा कृत्रिम पाय किनाऱ्यावर काढून ठेवत होता, कारण वाळू आणि खारे पाणी त्याच्या सांध्यात जाऊन चालत नाही. कुबड्या वाळूत रुतणार हे उघड होते. मी पुढे झाले आणि त्याला उचलू लागले, तसा तो म्हणाला, ‘उचलू नको ताई, नुसता खांदा दे.’ माझ्या खांद्यावर हात ठेवून तो एका पायाने उड्या मारत पाण्यापर्यंत गेला, वाटेत दोनदा बसला, आणि लाटेत पोहोचल्यावर त्याने माझ्या तोंडावर पाणी उडवले. मदत करण्यापूर्वी ‘कशी करू?’ असे विचारावे, हे मला त्याने शिकवले. वर्षभर या मुलांच्या अंगाला कोणीही, कधीही, न विचारता हात लावत असते. म्हणून आपण दिलेल्या ‘नको’ची संख्या कमी ठेवायची आणि मुलाने दिलेला ‘नको’ तेवढा जसाच्या तसा मानायचा, मग तो मिठी मारण्याला असो की फोटोला.

रात्र

सोबत्याची खरी परीक्षा दिवे मालवल्यावर होते. झोपण्यापूर्वी बूट आणि अंथरूण झटकून घ्यावे, रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाऊल टाकू नये. विंचू आणि फुरसे हा विषारी साप हे इथले रहिवासीच आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केल्यापासून त्याने होणारे मृत्यू खूपच कमी झाले, पण डंख झाला की आजारी मुलाच्या बाबतीत वाट पाहायची नसते. जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे आणि १०८ ची रुग्णवाहिका वाडीच्या कोणत्या बाजूने आत येते, हे दिवसा चालून पाहून ठेवावे. पावसाळ्याआधीच्या वादळात वीज जाते, तेव्हा इन्सुलिन कोणाच्या फ्रीजमध्ये आहे आणि ते बर्फाच्या डब्यात कोण हलवणार, हेही आधीच ठरलेले असावे. बर्फाला बाटली टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते.

अंथरूण ओले होण्याचा प्रसंग जवळजवळ प्रत्येक शिबिरात येतो. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, मधुमेहात साखर वाढली की लघवी वाढते, आणि नव्या जागेची भीती असतेच. पहिल्या संध्याकाळीच प्रत्येक गादीखाली एक जादा चादर आणि प्लॅस्टिकचा कागद ठेवावा. प्रसंग आलाच तर दिवा लावू नये, बॅटरी जमिनीकडे धरावी, मुलाला कोरडे कपडे द्यावेत, चादर गुंडाळून बादलीत टाकावी, आणि एक शब्दही न बोलता परत झोपावे. सकाळी परिचारिकेच्या कानावर तेवढे घालावे. मुलाजवळ तो विषय आपण पुन्हा काढायचा नाही, समजुतीखातरसुद्धा.

आणि रात्रीच प्रश्न येतात. दिवसभर दंगा करणारे मूल अंधारात छताकडे पाहत विचारते. बारा वर्षांच्या एका मुलीने मला विचारले होते, ‘ताई, आमच्या वॉर्डातली माझी मैत्रीण गेली. मी पण जाणार का?’ मी घाबरून म्हणाले, ‘छे, वेडी आहेस का, काही होत नाही तुला.’ ती भिंतीकडे तोंड करून झोपली आणि पुढे त्याविषयी माझ्याशी बोलली नाही. तिला माझ्याकडून भविष्य नको होते. तिला मैत्रिणीविषयी बोलायचे होते. अशा वेळी ‘कशी होती ती?’ असे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. खोटा दिलासा देऊ नये, देवाधर्माचे आपले स्पष्टीकरण देऊ नये, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणायला लाजू नये. सकाळी समुपदेशकाला सांगणार आहोत हे मुलालाही सांगावे. पाठीमागे सांगितलेले त्याला कळतेच.

घरची आठवण हा प्रकार मात्र फार मनावर घेऊ नये. संध्याकाळी सात ते नऊ एवढीच त्याची वेळ असते. त्या वेळी मुलाला काम द्यावे: पाने मांडणे, भेंड्यांचे गुण लिहिणे, उद्याच्या खेळाचा गुप्त बेत. फोन लावून द्यायचा की नाही हे आयोजक ठरवतील, पण लावल्यास रडणे दुप्पट होते असाच माझा अनुभव आहे.

फोटोंच्या बाबतीत एकच सांगणे आहे. आपल्या फोनने मुलांचा फोटो काढू नये आणि तो कुठेही टाकू नये, पालकांनी संमतिपत्रावर सही केलेली असली तरी, कारण ती सही शिबिराला दिलेली असते, आपल्याला नव्हे. केस गेलेल्या मुलाचा हसरा फोटो पाहून लोकांचे डोळे पाणावतात, पण त्या मुलाला दहा वर्षांनी तो कसा वाटेल याची कोणी चौकशी करत नाही.

परतीचा दिवस

शेवटच्या सकाळी मुले एकतर फार गप्प असतात किंवा भांडतात. पत्ते, फोन नंबर यांची देवाणघेवाण सुरू होते. सोबत्याने आपला नंबर मुलांना देऊ नये आणि ‘मी भेटायला येईन’ असे म्हणू नये, कारण पंचवीसपैकी दोघांनाच भेटायला जाणारा माणूस उरलेल्या तेवीस जणांना फसवतो. पुढे एखाद्या मुलाची वाईट बातमी आली, तर ती आयोजकांकडून येते, आणि तेव्हा इतर सोबत्यांशी बोलावे. घरच्यांना ते नेहमीच समजते असे नाही.

निघण्यापूर्वी फ्रीज उघडून पाहावा. कोणाचे ना कोणाचे इन्सुलिन किंवा फॅक्टर तिथे राहिलेले असतेच. गाडीत प्रत्येक मुलाजवळ पाणी, उलटीसाठी पिशवी आणि वेळेवर घ्यायचे औषध वेगळे काढलेले असावे. मुंबईला पोहोचल्यावर फलाटावर आई पहिला प्रश्न आपल्याला विचारते, ‘त्रास नाही ना दिला?’ तिथे आपण उत्तर देऊ नये. मुलाला आधी बोलू द्यावे, ते किल्ल्याचे सांगेल, लाटेचे सांगेल, किती आंबे खाल्ले ते फुगवून सांगेल. त्याचे बोलणे संपले, की औषधांचा डबा, शेवटच्या डोसची वेळ लिहिलेला कागद आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या आईच्या हवाली करून तिची सही घ्यावी.